बाबागाडी ढकलत जाण्याइतकं अंतर

1935 साली दक्षिण लंडनमधल्या पेकम या भागात, सेंट मेरीज रोडवर, एक विचित्र इमारत उघडली. आजूबाजूला विटांची, धुराने काळवंडलेली, एकमेकांना चिकटून उभी असलेली घरं. मधोमध काँक्रीटची आणि काचेची ही तीन मजली वास्तू. आत शिरलं की भिंतींच्या जागीही काचाच. मध्यभागी पोहण्याचा मोठा तलाव, त्याच्या एका अंगाला चहा-खाण्याची लांबच लांब जागा, दुसरीकडे व्यायामशाळा, खाली नाटकासाठी रंगमंच, लहान मुलांसाठी वेगळी खोली, वर डॉक्टरांच्या खोल्या आणि प्रयोगशाळा. फरशीवर कॉर्क घातलेलं, म्हणजे तलावातून निघालेलं मूल अनवाणी कुठेही फिरलं तरी चालेल.

दवाखाना म्हणावं तर इथे औषध मिळत नसे. क्लब म्हणावं तर दर वर्षाच्या आसपास प्रत्येक सभासदाचं रक्त, लघवी, दात, डोळे, सगळं तपासलं जाई. नाव होतं पायोनियर हेल्थ सेंटर. इतिहासात हा प्रकार 'पेकम प्रयोग' म्हणून ओळखला जातो.

सभासद होण्याच्या अटी मोजक्या होत्या. एकट्याला प्रवेश नाही, पूर्ण कुटुंबाने यायचं. आठवड्याला कुटुंबामागे एक शिलिंग भरायचा. वीस सिगरेटींच्या पाकिटाला त्या काळी साधारण तेवढेच पडत. घरातल्या प्रत्येकाने तपासणी करून घ्यायची. आणि घर साधारण मैलभराच्या आत हवं. या शेवटच्या अटीमागचं मोजमाप मजेशीर होतं: तान्ह्या बाळाला बाबागाडीत घालून आई जेवढं अंतर सहज चालत येऊ शकेल, तेवढं. शहर नियोजनाच्या पुस्तकांमध्ये अंतर बैलगाडी, ट्राम, मोटार यांवरून ठरत आलं आहे. बाबागाडीवरून ते ठरवणारी माणसं मला तरी दुसरीकडे फारशी भेटली नाहीत.

ही माणसं दोन होती. जॉर्ज स्कॉट विल्यमसन हे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोगाने शरीरात काय उलथापालथ होते याचा अभ्यास करणारे. इनिस पिअर्स या डॉक्टर. दोघांनी आधी थायरॉइड ग्रंथीवर एकत्र संशोधन केलं होतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात त्यांना एक प्रश्न सतावायला लागला. वैद्यकशास्त्र आजाराबद्दल ढीगभर बोलतं, पण आरोग्य म्हणजे काय यावर त्याच्याकडे एक ओळ नाही. निरोगी माणूस कसा असतो हे बघायचं तर तो भेटणार कुठे? रुग्णालयात तर तो येत नाही.

म्हणून 1926 मध्ये त्यांनी पेकममध्येच क्वीन्स रोडवर एक छोटं घर घेतलं. शंभरएक कुटुंबं सभासद झाली. पेकमच का, याचं उत्तर महत्त्वाचं आहे. हा भाग लंडनमधला सर्वांत गरीब भाग नव्हता. इथे कारागीर, कारकून, छोटे दुकानदार राहत. बऱ्याच घरांत ठरावीक पगार येई. उपासमारीचा परिणाम बघायचा असता तर ते ईस्ट एंडला गेले असते. त्यांना बघायचं होतं ते हे, की पोटापुरतं मिळणाऱ्या, सर्वसाधारण कुटुंबाचं आरोग्य कसं असतं.

तीन वर्षांत जे दिसलं ते उत्साहवर्धक नव्हतं. तपासणीत दोष सापडत, लोक उपचार घेत, आणि त्याच घरात, त्याच दिनक्रमात परतून पुन्हा तसेच होत. आजार लवकर पकडणं एवढ्याने काही साधत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. माणसाला दुसरं काही करायला जागाच नसेल, तर डॉक्टरचं म्हणणं ऐकून तो करणार काय? 1929 मध्ये त्यांनी ते घर बंद केलं आणि पुढची काही वर्षं पैसे उभे करण्यात घालवली. त्यातून ओवेन विल्यम्स या अभियंत्याने रचलेली ती काचेची इमारत उभी राहिली. विल्यम्स यांचं नाव तेव्हा काँक्रीटच्या कारखान्यांसाठी गाजत होतं. बूट्स या औषध कंपनीचा बीस्टनचा प्रसिद्ध कारखाना त्यांचाच.

तपासणीला ते 'ओव्हरहॉल' म्हणत. आपल्याकडे गॅरेजमध्ये हा शब्द अजून रोज ऐकू येतो, आणि तिथूनच तो त्यांनी उचलला होता: गाडी बंद पडण्याची वाट न बघता एकदा पूर्ण खोलून बघायची. तपासणी झाली की आई, बाप आणि मुलं दोन्ही डॉक्टरांसमोर एकत्र बसत, आणि काय सापडलं ते त्यांना सांगितलं जाई. इथवर काही वेगळं नाही. वेगळेपण यापुढे आहे. डॉक्टर सल्ला देत नसत. 'तुमच्या रक्तात लोह कमी आहे', 'तुमचं वजन इतकं आहे', 'मुलाच्या दाताला कीड आहे', एवढंच. उपचार लागत असतील तर ते कुठे मिळतील हे सांगायचं. काय करायचं हा निर्णय कुटुंबाचा.

आकडे धक्कादायक होते. युद्धाआधीच्या वर्षांत त्यांनी 1,206 कुटुंबांतल्या 3,911 जणांना तपासलं. त्यांतले जेमतेम नऊ टक्के लोक असे निघाले की ज्यांच्यात काहीही दोष सापडला नाही. बाकीच्यांत कोणी गंभीर आजारी होतं, पण बहुसंख्य लोक 'मला काही झालेलं नाही' असं म्हणत कामावर जाणारे होते. बायकांमध्ये रक्ताची कमतरता सर्रास. ती असूनही त्या स्वयंपाक, धुणी, मुलं, सगळं रेटत होत्या आणि थकवा हा आपल्या स्वभावाचाच भाग आहे असं समजत होत्या. हे वाक्य आजच्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराबद्दल लिहिता येईल.

याच सुमारास ब्रिटनमध्ये खाण्यावरून मोठा वाद पेटला होता. 1936 मध्ये जॉन बॉइड ऑर यांनी अन्न, आरोग्य आणि उत्पन्न यांची सांगड घालणारा अहवाल प्रसिद्ध केला: देशातल्या साधारण निम्म्या लोकांच्या जेवणात काही ना काही कमी पडतं, आणि तळच्या दहा टक्क्यांचं जेवण सगळ्याच बाबतीत निकृष्ट आहे. साम्राज्याच्या राजधानीला हे ऐकायला आवडलं नाही.

इथे गोष्ट थोडा वेळ भारतात येते. निलगिरीत कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन हे डॉक्टर उंदरांवर आहाराचे प्रयोग करत होते. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचं नेहमीचं जेवण त्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना दिलं: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. शीख जेवणावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. त्यांना न चाळलेल्या गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाज्या मिळत होत्या. पॉलिश केलेल्या तांदळावरचे मद्रासी उंदीर शेवटी. मराठा उंदीर तिसरे आले. याचा अभिमान बाळगायचा की खेद, हे ज्याचं त्याने ठरवावं. पुढे मॅकॅरिसन यांनी शीख जेवणाची तुलना ब्रिटनमधल्या गरीब कामगाराच्या जेवणाशी केली. पांढरा पाव, मार्गारिन, गोड चहा, उकडलेल्या भाज्या, डबाबंद मांस, जॅम. या गटातले उंदीर खुरटले, चिडके झाले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले आणि काही आठवड्यांनी आपल्यातल्याच अशक्त उंदरांना मारून खाऊ लागले.

आणखी एक धागा इंदूरचा. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथे कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच गेली. होळकरांच्या इंदूरचं नाव इंग्रज शेतकऱ्यांच्या तोंडी खताच्या ढिगामुळे आलं, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. ईव्ह बाल्फर यांच्या 1943 सालच्या 'द लिव्हिंग सॉइल' या पुस्तकात मॅकॅरिसनचे उंदीर, इंदूरचं खत आणि पेकमची कुटुंबं, तिन्ही एकाच युक्तिवादात येतात: माती चांगली, तर अन्न चांगलं, तर माणूस चांगला. 1946 मध्ये सॉइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली तेव्हा विल्यमसन आणि पिअर्स त्यात होते.

पेकमने हे फक्त वाचलं नाही. शहराबाहेर ब्रॉमली कॉमनला त्यांनी शेती घेतली. क्षयाची तपासणी झालेल्या गाईंचं ताजं दूध आणि रासायनिक खत न घातलेली भाजी तिथून केंद्रात येई, आणि ती आधी मिळे गरोदर बायकांना, अंगावर पाजणाऱ्या आयांना आणि लहान मुलांना. सुट्टीत कुटुंबं शेतावर राहायला जात. विटांच्या गल्लीत वाढलेल्या मुलांना गाजर जमिनीतून निघतं हे तिथे कळे. गरोदरपण हा आजार नाही, यावर पिअर्स यांचा फार कटाक्ष होता. दिवस राहण्याआधीच जोडप्याची तपासणी करायची, आणि दिवस गेल्यावर बाईने पोहणं, नाचणं थांबवायचं कारण नाही. 1930 च्या दशकात पोट दिसणारी बाई चारचौघांत पोहण्याच्या कपड्यांत वावरते आहे, हे दृश्य किती जणांना झेपलं असेल याची कल्पना करा.

आता व्यायाम. 1937 मध्ये ब्रिटिश सरकारने व्यायाम आणि करमणुकीसाठी खास कायदा केला आणि राष्ट्रीय तंदुरुस्तीची मोहीम काढली. जर्मनीत कवायतीचे भव्य सोहळे चालू होते, त्याची धास्ती त्यामागे होती. पेकमचा मार्ग याच्या अगदी उलटा. तिथे कवायत नव्हती, शिट्टी नव्हती, शक्यतो शिक्षकही नव्हते. विल्यमसन यांना तज्ज्ञ प्रशिक्षकांचं वावडंच होतं. त्यांचं निरीक्षण असं की उत्कृष्ट पोहणाऱ्याला बघून माणूस टाळ्या वाजवतो आणि खुर्चीतच बसून राहतो. पण शेजारची, चार मुलांची आई पाण्यात धडपडताना दिसली की त्याला वाटतं, हे तर मलाही जमेल. सगळ्या भिंती काचेच्या असण्याचं कारण हे होतं. चहा पिताना तलाव दिसला पाहिजे, जिन्यावरून जाताना व्यायामशाळा दिसली पाहिजे. कोणी बोलावत नाही, कोणी ढकलत नाही, फक्त दिसत राहतं. (आपल्या हातातल्या फोनवरही दिवसभर इतरांचे व्यायाम दिसतच असतात. पण ते शेजारी नसतात, आणि धडपडताना तर कधीच नसतात.)

सुरुवात मात्र भीषण झाली. शाळा सुटली की शेकडो मुलं इमारतीत घुसत. पळापळ, आरडाओरडा, वस्तूंची मोडतोड. कर्मचारी हवालदिल झाले आणि त्यांनी नियम, देखरेख, शिस्त मागितली. विल्यमसन यांनी ठाम नकार दिला. केंद्रात खरा अधिकार त्यांच्याच हातात होता, आणि तो त्यांनी वापरला तो दुसऱ्या कोणाला अधिकार गाजवू न देण्यासाठी. काही महिने हा गोंधळ चालू राहिला.

यातून वाट काढली ल्यूसी क्रॉकर या तरुण सहकारी बाईंनी. त्या नुसत्या फिरत राहिल्या आणि मुलं नेमकं काय करू पाहतात ते बघत राहिल्या. मग चिठ्ठ्यांची एक साधी पद्धत आली. पोहायचं आहे? मोठ्या माणसाकडे ये, त्याला वाटलं की तुला जमेल तर तो चिठ्ठीवर सही करेल, ती घेऊन एकटा जा. स्केट्स हव्यात, पुस्तक हवं, व्यायामशाळेतली दोरी हवी, दर वेळी चिठ्ठी. यात दोन गोष्टी साधल्या. मूल प्रत्येक वेळी स्वतः ठरवून काही मागत होतं, आणि कोणतं मूल काय करतं याची नोंद शास्त्रज्ञांच्या हाती आपोआप जमत होती. मोडतोड थांबली. शिस्त आली, पण कोणी लावलेली नव्हती. पुढे कॉलिन वॉर्ड या अराज्यवादी लेखकाने, सत्तेवाचूनही व्यवस्था तयार होते याचं उदाहरण म्हणून पेकमचा दाखला दिला तो यामुळेच. क्रॉकर आणि पिअर्स यांनी मिळून 1943 मध्ये 'द पेकम एक्सपेरिमेंट' हे पुस्तक लिहिलं. युद्ध चालू असताना, बॉम्ब पडत असताना ते बऱ्याच लोकांनी वाचलं.

त्या पुस्तकातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहाराचा नाही आणि व्यायामाचाही नाही, तो एकटेपणाचा आहे. लग्न करून दोन खोल्यांत राहायला आलेलं जोडपं. नवरा दिवसभर कामावर. बायकोची नोकरी लग्नाबरोबर सुटलेली, माहेर दूर, शेजाऱ्यांशी ओळख नाही. लग्नाआधी दोघंही नाचायला, सायकलवर फिरायला जात होती. मूल झाल्यावर तेही बंद. मित्र गळतात. घरातली हालचाल कमी होते, खाणं जेमतेम होतं, कारण कोणासाठी करायचं? डॉक्टरांनी हे आजार म्हणून नोंदवलं नाही, पण शरीरातल्या कुरबुरींच्या मुळाशी त्यांना हे पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. म्हणून त्यांचा आग्रह पूर्ण कुटुंबाचा आणि चालत येण्याच्या अंतराचा. तलावाकाठी ज्या बाईशी ओळख झाली तीच उद्या भाजीच्या दुकानात भेटली पाहिजे. नाहीतर ओळख टिकत नाही. वाकडला किंवा डोंबिवलीला सातव्या मजल्यावर तान्ह्या बाळासोबत दिवस काढणाऱ्या मुलीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

हे सगळं गोड मानून घेण्याचंही कारण नाही. 'कुटुंब' या शब्दाचा त्यांचा अर्थ लग्न केलेलं जोडपं आणि मुलं असा घट्ट होता. एकटी बाई, विधुर, लग्न न केलेली माणसं यांना दारातच अडवलं जाई. बाईची ओळख आई म्हणून, हे पिअर्स स्वतः नामांकित डॉक्टर असूनही त्यांच्या लिखाणात सतत येतं. विल्यमसन यांची भाषा तर बरेचदा इतकी गूढ होते की पेशींबद्दल चाललंय की माणसांबद्दल, कळत नाही. आणि नियंत्रणासाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे केंद्रात न येणाऱ्या तशाच कुटुंबांशी तुलना नव्हती. त्यामुळे 'पेकममुळे आरोग्य सुधारलं' हे आकड्यांत सिद्ध करून दाखवणं शक्य झालं नाही. इमारत दोन हजार कुटुंबांसाठी बांधली होती. तेवढी ती कधीच भरली नाही. त्यामुळे वर्गणीतून खर्च भागण्याचं गणितही कागदावरच राहिलं.

1939 मध्ये युद्ध सुरू झालं. काचेची इमारत अंधारात ठेवता येत नाही, आणि मुलं तर शहराबाहेर हलवली जात होती. केंद्र बंद झालं, इमारतीत युद्धसामग्री तयार होऊ लागली. युद्ध संपल्यावर जुन्या सभासदांनी ती परत मागितली. मिळाली तेव्हा तिची दशा झाली होती. त्यांनीच येऊन साफसफाई केली, रंग दिला. 1946 मध्ये केंद्र पुन्हा उघडलं. युद्धातून परतलेले बाप, युद्धात जन्मलेली मुलं. सरकारने 1948 मध्ये 'द सेंटर' नावाचा माहितीपट काढून जगाला दाखवला.

त्याच वर्षी, जुलै 1948 मध्ये, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. जगातल्या मोठ्या सामाजिक सुधारणांपैकी ती एक, यात शंका नाही. गरीब माणसाला पहिल्यांदा डॉक्टरकडे जाताना खिसा चाचपावा लागला नाही. पेकमच्या मंडळींना वाटलं, आता आपली सोय होईल. आपल्याकडे इमारत आहे, अनुभव आहे, सभासद आहेत.

उत्तर नकारार्थी आलं, आणि त्याची कारणं वाचण्यासारखी आहेत. हे केंद्र आरोग्याचा अभ्यास आणि जोपासना करतं, रोगावर उपचार करत नाही. ते व्यक्तीला नव्हे, कुटुंबाला प्रवेश देतं. ते एका परिसरापुरतं आहे, सर्वांना खुलं नाही. ते वर्गणी घेतं, सेवा तर मोफत आहे. आणि त्याचा कारभार स्वतंत्र आहे. एकेक कारण तपासलं तर प्रत्येक खरं आहे. सर्वांना समान सेवा द्यायची म्हटल्यावर मैलभराच्या आतल्या लोकांसाठीच असलेल्या तलावावर सगळ्यांच्या करातून खर्च कसा करायचा, हा प्रश्न खोटा नव्हता. पण या केंद्राची ओळख ज्या गोष्टींनी बनली होती, नेमक्या त्याच त्याच्या अपात्रतेच्या यादीत जाऊन बसल्या. 1950 मध्ये पैसे संपले. सभासदांनी धडपड केली, पण उपयोग झाला नाही. इमारत लंडन काउंटी कौन्सिलने घेतली.

विल्यमसन आणि पिअर्स यांनी त्याच वर्षी, 1950 मध्ये, लग्न केलं. तीन वर्षांनी विल्यमसन वारले. पिअर्स 1978 पर्यंत जगल्या आणि शेवटपर्यंत पेकमच्या नोंदी लावत, लिहीत राहिल्या. त्यांचं शेवटचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघालं.

बाबागाडीचं अंतर मात्र परत आलं. 1990 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सरकारने 'शुअर स्टार्ट' ही लहान मुलांच्या कुटुंबांसाठीची योजना काढली: एकाच ठिकाणी पाळणाघर, आरोग्यसेविका, आहाराचं मार्गदर्शन, आयांना बसायला जागा. ही केंद्रं घरापासून बाबागाडी ढकलत जाता येईल इतकी जवळ असावीत, असं तेव्हा सांगितलं गेलं. 2010 नंतर निधी कापला गेला आणि त्यांतली बरीच बंद पडली.

आपल्याकडे 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेली अंगणवाडी याच जातीची कल्पना आहे. गावातलीच बाई, चालत जाण्याइतकं अंतर, मुलाचं वजन, गरोदर बाईचा आहार. तिचा जन्म पेकममधून झाला असं म्हणता येणार नाही; तिची मुळं वेगळी आहेत आणि गरज कितीतरी तीव्र होती. पण अंगणवाडीत आई येते ती बहुतेक वेळा काही घ्यायला किंवा मुलाला सोडायला. तिने तिथे थांबावं, चार बायकांबरोबर खेळावं, यासाठी जागा कधी आखलीच गेली नाही. तिच्या नवऱ्यासाठी तर नाहीच.

सेंट मेरीज रोडवरची इमारत अजून उभी आहे. कौन्सिलच्या ताब्यात असताना तिथे वर्ग आणि खेळ चालायचे. नंतर तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे फ्लॅट झाले. पोहण्याचा तलाव ठेवला आहे, तो फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी. पेकमच्या बाकीच्या रस्त्यांवरून आजही आया बाबागाड्या ढकलत तिच्यासमोरून जातात.